माशांची ओळख व त्यांचे वर्गीकरण

प्राथमिक शाळेच्या परिसर-अभ्यासात प्राण्यांचे वर्गीकरण हा भाग येतो. सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी, उभयचर आणि मत्स्य असे पाच गट विद्यार्थी पाठ करतात व विचारल्यावर म्हणून दाखवितात. परंतु 'मत्स्य' या एका शब्दाखाली किती भिन्न रचनेचे प्राणी एकत्र आले आहेत, याची कल्पना अशा पाठांतराने येत नाही. वास्तविक हा विषय शिकविण्यास महाराष्ट्रासारखा प्रदेश फार सोयीचा आहे. एका बाजूस कोकणचा समुद्रकिनारा व खाड्या आहेत. दुसऱ्या बाजूस गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी, वैनगंगा यांसारख्या नद्या आणि गावोगावचे तलाव, ओढे व डोह आहेत. पाठाला लागणारी साधने बहुधा शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात.

माशांचे वर्गीकरण म्हणजे माशाकडे नीट पाहून त्याला ओळखण्याची रीत होय. ही रीत मुलांच्या हाती देणे का आवश्यक आहे, आणि ओळख चुकली असता त्याचा परिणाम काय होतो, हेही या लेखात पुढे दाखविले आहे.

मासा कोणास म्हणावे

बाजारात 'मासळी' या शब्दात कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूळ हे सर्व येतात. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही; परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी एकही मासा नव्हे. कोळंबी व चिंबोरी यांना पाठीचा कणा नसतो, बाहेरून कठीण कवच असते व पाय सांध्यांचे असतात. तिसऱ्या व माकूळ हे मृदुकाय प्राणी होत. ज्याला पाठीचा कणा आहे, जो कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतो आणि परांच्या साहाय्याने पोहतो, त्या जलचरास मासा म्हणतात.

देवमासा व डॉल्फिन यांच्याबाबतीत गोंधळ अधिक होतो. देवमाशाच्या नावातच मासा आहे. तथापि या दोन्ही प्राण्यांना फुप्फुसे असतात, श्वासासाठी त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते, त्यांचे रक्त उष्ण असते व माद्या पिलांना दूध पाजतात. ते सस्तन प्राणी होत. मुलांना सांगण्याजोगी एक सोपी खूण अशी की, माशाची शेपटी उभी असते व ती डावीकडे-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते. कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत ठेवले. उलट 'व्हेल शार्क' या नावाचा प्राणी मात्र खरा मासा आहे व आज जगात असलेल्या माशांपैकी तो सर्वांत मोठा आहे. तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो आणि २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळालेले आहे.

माशांचे मुख्य गट

जगात माशांच्या सुमारे ३६,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. ही संख्या इतर सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या एकूण जातींच्या जवळपास आहे. शरीररचनेवरून त्यांचे तीन मोठे गट पडतात.

पहिला गट जबडा नसलेल्या माशांचा. लॅम्प्रे व हॅगफिश हे त्याचे आज उरलेले प्रतिनिधी होत. त्यांचे तोंड गोल व चोषणारे असते. त्यांच्या जाती थोड्या असून आपल्या बाजारात ते दिसत नाहीत.

दुसरा गट कास्थिमत्स्यांचा. यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या पाळीत वरच्या बाजूस लागते तशा लवचीक पदार्थाचा, असतो. मुशी, पाकट आणि करवतीसारखी लांब सोंड असलेला करवत मासा हे या गटातील होत. यांच्या कल्ल्यांवर झाकण नसते. बहुतेक जातींत पाच उघड्या फटी दिसतात. अंगावरचे खवले इतके बारीक व टोकदार असतात की शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला असता कातडी कानशीसारखी खरखरीत लागते. यांना वाताशय नसतो. मुशीच्या अनेक जाती थेट पिलांना जन्म देतात. पिले संख्येने थोडी असतात व ती वयात येण्यास पुष्कळ वर्षे लागतात. यामुळे या गटातील मासे अतोनात पकडले गेल्यास त्यांची संख्या लवकर भरून येत नाही.

तिसरा गट अस्थिमत्स्यांचा. आपल्या ओळखीचे बहुतेक सर्व मासे या गटात येतात. त्यांचा सांगाडा हाडांचा असतो, कल्ल्यांवर झाकण असते आणि बहुतेकांच्या पोटात हवेने भरलेली पिशवी, म्हणजे वाताशय, असतो. वाताशयातील हवा कमी-जास्त करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. अस्थिमत्स्यांचे पुन्हा दोन भाग आहेत. बहुसंख्य माशांचे पर पंख्याच्या काड्यांप्रमाणे बारीक अरांवर ताणलेले असतात. थोड्या माशांचे पर मात्र मांसल असतात. फुप्फुसमत्स्यांच्या सहा जाती व सीलाकँथच्या दोन जाती एवढ्याच या दुसऱ्या भागात आज जिवंत आहेत. सीलाकँथ कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला अशी शास्त्रज्ञांची समजूत होती; १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो जिवंत सापडला. बेडूक, सरडे, पक्षी व माणूस यांचे पूर्वज याच मांसल पर असलेल्या माशांच्या शाखेतून निघाले.

या शेवटच्या गोष्टीमुळे 'मत्स्य' हा प्राण्यांचा एकच वर्ग मानण्याची जुनी पद्धत आज शास्त्रात राहिलेली नाही. वर दिलेल्या गटांचे निरनिराळे वर्ग मानले जातात. प्राथमिक शाळेत 'मत्स्य' हा एक गट सांगण्यास हरकत नाही; परंतु मुशी व रोहू यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे, हे शिक्षकांना ठाऊक असावे.

वर्गीकरणाच्या पायऱ्या

गटातून लहान गट, त्यातून आणखी लहान गट अशा पायऱ्यांनी वर्गीकरण केले जाते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती व जाती हा तो क्रम होय. पत्त्याशी त्याची तुलना करता येईल : देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, आळी व घर. ज्याप्रमाणे शेवटचा भाग कळल्याशिवाय पत्र पोहोचत नाही, त्याप्रमाणे जाती कळल्याशिवाय माशाची ओळख पुरी होत नाही. शास्त्रीय नावात प्रजाती व जाती हे शेवटचे दोन शब्द एकत्र येतात. रोहूचे शास्त्रीय नाव लेबिओ रोहिटा असे आहे. यांतील 'लेबिओ' ही प्रजाती व 'रोहिटा' ही जाती. लेबिओ प्रजातीत रोहूची पुष्कळ भावंडे आहेत. 'रोहिटा' मात्र एकच.

समुद्रातील काही परिचित मासे

एका कुलातील माशांत काही समान खुणा असतात. त्या एकदा कळल्या म्हणजे नवा मासा समोर आला असताही त्याचे कुल अजमावता येते.

बांगडा व सुरमई यांच्या आकारमानात मोठा फरक असला, तरी ते एकाच कुलातील होत. दोघांचेही शरीर चातीसारखे निमुळते असते, शेपटी खोल दुभंगलेली असते आणि पाठीवर व पोटाखाली मोठ्या पराच्या मागे लहान लहान सुट्या परांची रांग शेपटीपर्यंत गेलेली असते. ही रांग दिसली की मासा बांगड्याच्या कुलातला समजावा. हे मासे थव्याने दूर दूर वेगाने पोहतात.

तारली व पाला म्हणजेच हिलसा हे दुसऱ्या कुलातील. त्यांचे खवले सहज निघतात, पोटाची कड करवतीच्या पात्यासारखी लागते आणि इतर पुष्कळ माशांच्या कुशीवर दिसते ती पार्श्वरेखा त्यांच्या अंगावर नसते. घोळ व ढोमा यांचे कुल वाताशयाच्या साहाय्याने आवाज काढण्याबद्दल प्रसिद्ध आहे. घोळीचा सुकविलेला वाताशय 'भोत' या नावाने फार मोठ्या किमतीस विकला जातो. लेप हा चपटा मासा तळाशी एका कुशीवर पडून राहतो. पिलू असताना त्याचे डोळे इतर माशांप्रमाणे दोन्ही बाजूंना असतात. वाढ होताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूस येतो. बोंबील हा मऊ, पाणीदार मांसाचा व रुंद जबड्याचा मासा आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत विपुल सापडतो व उन्हात वाळवून वर्षभर वापरला जातो.

केवळ रूपावरून किंवा व्यापारी नावावरून कुल ठरविणे किती धोक्याचे आहे, हे पापलेट व हलवा यांच्या उदाहरणावरून कळते. दोघांनाही इंग्रजी व्यवहारात 'पॉम्फ्रेट' म्हणतात. एकाला रुपेरी, दुसऱ्याला काळा. दोघेही चपटे व उंच अंगाचे. तरीही त्यांची कुले वेगळी आहेत. हलव्याच्या शेपटीच्या मुळाशी कठीण खवल्यांची धार लागते. पापलेटला तशी धार नसते. रावस माशालाही बाजारात 'इंडियन सामन' असे नाव दिलेले आहे. परंतु युरोप-अमेरिकेतील सामन माशाशी त्याचे जवळचे नाते नाही. रुपेरी पापलेट अथवा सरंगा हा मासा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला, ही माहिती राज्यपशू व राज्यपक्षी यांच्या पाठात घालावी.

गोड्या पाण्यातील काही परिचित मासे

नद्या-तलावांत सर्वांत मोठा गण कार्प माशांचा आहे. रोहू, कटला, मृगळ, महसीर व ओढ्यातील असंख्य लहान रुपेरी मासे या गणात येतात. यांच्या जबड्यात दात नसतात; अन्न चिरडणारे दात घशात असतात. कटल्याचे तोंड वरच्या दिशेस वळलेले असते व तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे एकाच तलावात हे तिन्ही मासे एकमेकांच्या अन्नाला धक्का न लावता वाढविता येतात. तोंडाची दिशा पाहून माशाचे अन्न ओळखण्याचा हा प्रयोग मुलांना फार आवडतो.

रोहू, कटला व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे रहिवासी. दक्षिणेकडील तलावांत ते बीज सोडून वाढविले गेले. वाहत्या नदीत अंडी घालणारे हे मासे साठलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत, ही मोठी अडचण होती. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली व मत्स्यबीज मुबलक मिळू लागले. तो दिवस १० जुलै होता. म्हणून त्या दिवशी देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

दुसरा गण मिशाळ माशांचा. नदीतील शिंगटी यात येते. अंगावर खवले नसणे, तोंडाभोवती मिशा असणे आणि पाठीवरच्या व बाजूच्या परांत तीक्ष्ण काटे असणे या त्यांच्या खुणा होत. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा मिशाच त्यांच्या अधिक उपयोगी पडतात. मरळ हा वेगळ्या कुलातील मासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याची सोय असल्यामुळे कमी व दूषित पाण्यातही तो तग धरतो. मरळीची जोडी पिलांच्या थव्याची राखण करते. तांबूस पिलांचा थवा व त्याखाली फिरणारा मोठा मासा तळ्यात पुष्कळांनी पाहिलेला असतो.

काही मासे परदेशांतून आलेले आहेत. चिलापी अथवा तिलापिया हा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. गवत्या व चंदेरा हे कार्प १९५९ मध्ये आले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या टाक्यांत सोडले जाणारे गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहेत. आफ्रिकी मांगूर हा अतिशय खादाड मासा असल्यामुळे त्याच्या संवर्धनावर भारतात २००० पासून बंदी आहे. परका मासा निरुपयोगी असतो असे नाही. परंतु तो मोकळ्या नदीत सोडला असता स्थानिक माशांची अंडी, पिले व अन्न यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून मूळचे मासे कोणते व आणलेले कोणते, हा फरक मुलांना कळणे अगत्याचे आहे.

खारे पाणी व गोडे पाणी

'खाऱ्या पाण्यातील मासे' व 'गोड्या पाण्यातील मासे' ही विभागणी निवासावरून केलेली आहे. ती नात्यावरून केलेली नाही. समुद्रातील शिंगाळा व नदीतील शिंगटी हे दोन्ही मिशाळ माशांच्याच गणातले. निवास आणि नाते या दोन गोष्टी पाठात वेगळ्या ठेवाव्यात.

मग नदीतील मासा समुद्रात का जगत नाही? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अस्थिमत्स्याच्या रक्तात क्षारांचे प्रमाण याच्या सुमारे एक तृतीयांश असते. कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे पाणी झिरपते, हा निसर्गनियम आहे. मीठ लावलेल्या काकडीस पाणी सुटते ते याच नियमाने. त्यामुळे समुद्रातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जाते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतील माशाची स्थिती उलट असते. त्याच्या शरीरात पाणी सतत शिरते. तो जवळजवळ पाणी पीत नाही, पुष्कळ पातळ मूत्र टाकतो व कल्ल्यांवाटे पाण्यातील थोडे क्षार ओढून घेतो. मुशी व पाकट यांनी तिसराच मार्ग काढला आहे. ते रक्तात युरिया साठवितात, त्यामुळे त्यांच्या शरीरातील पाणी बाहेर जात नाही. मुशीच्या शिळ्या मांसाला येणारा उग्र वास या युरियापासून होणाऱ्या अमोनियाचा असतो.

काही मासे दोन्ही पाण्यांत राहू शकतात. हिलसा समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. अहीर नदीत वाढतो व अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. जिताडा खाड्यांत व नद्यांत वाढतो, परंतु विणीसाठी त्याला खारे पाणी लागते. अशा माशांच्या वाटेत बांध आला तर त्यांचे जीवनचक्र तुटते. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का येथील बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादपर्यंत जाणाऱ्या हिलशाची वाट अडली, हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण होय. पहिल्या पावसात ओढ्यातून व शेतातून वर चढणारे मासे, ज्यांना कोकणात 'वलगणीचे' व घाटाकडे 'चढणीचे' मासे म्हणतात, तेही लहान प्रमाणावर असाच प्रवास करीत असतात. त्या वेळी त्यांच्या पोटात अंडी असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नद्या व सरोवरे यांतील पाणी पृथ्वीवरील एकूण पाण्याच्या एक शतांशही नाही; तरीही माशांच्या सर्व जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती त्या पाण्यात राहतात. समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत. नद्या तशा नाहीत. डोंगराच्या एका बाजूच्या ओढ्यातील मासा दुसऱ्या बाजूच्या ओढ्यात जाऊ शकत नाही. हजारो पिढ्या अशा विलग राहिल्याने निरनिराळ्या जाती उत्पन्न होतात. सह्याद्रीत म्हणूनच अशा अनेक जाती आहेत, ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. २०२० मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील मंदिराच्या कुंडात एक लहानसा मासा नवीन जाती म्हणून ओळखला गेला व त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव देण्यात आले. २०२१ मध्ये राज्य शासनाने ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. ज्या कुंडाजवळून लोक नित्य जात-येत होते, त्यातील मासा शास्त्राला तोवर अपरिचित होता. असा मासा त्या एका स्थानातून नाहीसा झाला, तर तो जगातूनच नाहीसा होतो.

लोकांतील नावे व शास्त्रीय नावे

शास्त्रीय नावे विद्यार्थ्यांना परकी व अवघड वाटतात. परंतु दख्खनमधील कित्येक माशांची शास्त्रीय नावे मराठी बोलीतूनच गेलेली आहेत. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. ते करताना नदीकाठच्या लोकांकडून कळलेली नावेच त्यांनी अनेक जातींना दिली. खुद्री, नुक्ता, कोळस, बोगट, फुलंगी, शिंगटी ही नावे रोमन अक्षरांत जाऊन आज जगभरच्या ग्रंथांत रूढ आहेत. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीर माशाला त्यांनी 'खुद्री' म्हटले, आणि त्याचे आजचे नाव 'टॉर खुद्री' असेच आहे. ज्यांनी ती नावे सांगितली त्या भोई-कोळ्यांची नावे ग्रंथात नाहीत. त्यांचे शब्द मात्र राहिले आहेत.

बोलीतील नावांना मर्यादाही असतात. समुद्रातील वाम व नदीतील वाम यांचे नाव एक असले तरी त्यांचे गण भिन्न आहेत. नदीच्या वामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. समुद्रातील वामीला ती नसते. उलट एकाच माशाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात. यासाठी बोलीतील नाव, गाव आणि शरीरावरील खुणा या तिन्हींची एकत्र नोंद करावी, म्हणजे तज्ज्ञाला जाती ठरविता येते.

ओळख चुकल्याचा परिणाम

वर्गीकरण हा केवळ पुस्तकी विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कावेरीतील महसीरची हकीकत समजून घ्यावी. कावेरी व तिच्या उपनद्यांत पाठीवर उंच कुबड असलेला महसीर राहतो. ५० किलोग्रॅमहून अधिक वजनाचे मासे त्यात मिळालेले आहेत, आणि गळाने मासेमारी करणाऱ्यांना तो एकोणिसाव्या शतकापासून परिचित होता. परंतु त्याची जाती कोणती, हे निश्चित झालेले नव्हते. महसीर म्हणजे महसीर, अशी सर्वसाधारण समजूत होती.

इकडे लोणावळ्याजवळील केंद्रात १९७० नंतर 'टॉर खुद्री' या महसीरची कृत्रिम वीण यशस्वी झाली. घटत चाललेल्या महसीरला वाचविण्याचा तो स्तुत्य प्रयत्न होता. त्यातील पिले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही सोडण्यात आली. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील हा मासा कावेरीत चांगला वाढला. नदीत महसीर पुन्हा दिसू लागले, म्हणून सर्वांना समाधान वाटले. परंतु वाढत होता तो बाहेरून आणलेला महसीर. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर त्याच काळात जवळजवळ नाहीसा झाला. दोन्ही मासे एकाच नावाखाली मोजले जात असल्याने ही घट वेळीच ध्यानात आली नाही. बंधारे, वाळूउपसा व स्फोटके वापरून होणारी मासेमारी ही कारणेही होतीच. अखेर २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी या माशाची जाती 'टॉर रेमादेवी' असल्याचे निश्चित केले, आणि त्याच वर्षी जागतिक यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव निश्चित नसल्याने तोपर्यंत त्याला धोक्यातील जातींच्या यादीत स्थानच मिळू शकले नव्हते.

पुण्याजवळच्या ज्या प्रवाहात साइक्स यांना खुद्री मिळाला, तो प्रवाहही आज अशा स्वच्छ पाण्याच्या माशाला मानवणारा राहिलेला नाही. तथापि काही ठिकाणी लोकांनी महसीर श्रद्धेने जपलेले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे येथे देवस्थानाजवळच्या डोहांत मासे पकडले जात नाहीत, आणि तेथे मोठमोठे महसीर निर्धास्त फिरताना दिसतात. देवराईप्रमाणेच अशा देवडोहांचे महत्त्व आहे.

शाळेत काय करता येईल

या विषयासाठी महागडी साधने लागत नाहीत. बाजाराच्या दिवशी किंवा कोळीवाड्यात नेऊन मुलांना मासे दाखवावेत. ज्या गावी मासे हाताळणे रुचत नाही, तेथे नदीचा घाट, देवडोह किंवा विहिरीतील मासे दुरून पाहण्यानेही पाठ होऊ शकतो. पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत :

१. कल्ल्यांवर झाकण आहे की उघड्या फटी आहेत?
२. अंगावर खवले आहेत काय? असल्यास मोठे की बारीक?
३. तोंडाभोवती मिशा आहेत काय? किती?
४. तोंड वर, समोर की खाली वळलेले आहे?
५. पाठीवर पर किती? त्यांत काटे आहेत की केवळ मऊ अरे?
६. शेपटी दुभंगलेली, गोल की निमुळती आहे?
७. कुशीवर पार्श्वरेखा दिसते काय?
८. मासा कोठे, कोणत्या महिन्यात व कशा पाण्यात मिळाला?

उत्तरांवरून मुलांनी स्वतः गट पाडावेत. शिक्षकांनी ते आधी सांगू नयेत. मुलांचे गट व शास्त्रज्ञांचे गट कोठे जुळतात व कोठे नाहीत, याची चर्चा मागाहून करावी. कोळी, भोई, कातकरी आदी कुटुंबांतील मुलांना माशांची नावे, त्यांचे ऋतू व जागा पुष्कळ ठाऊक असतात. वर्गात एरवी मागे बसणाऱ्या अशा विद्यार्थ्याला या पाठात सांगण्याचा मान द्यावा. त्याचे ज्ञान हेच या पाठाचे मूळ साधन आहे, आणि इतर मुलांनाही त्याची किंमत कळली पाहिजे.

शाळेत 'आपल्या गावचे मासे' अशी एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक माशाला एक पान द्यावे. त्यावर बोलीतील नाव, चित्र, वरील आठ उत्तरे व तारीख लिहावी. गावातील वृद्धांना विचारून पूर्वी मिळत असलेल्या व आता न मिळणाऱ्या माशांची वेगळी यादी करावी. पाहण्यासाठी आणलेला जिवंत मासा ज्या पाण्यातून आणला त्याच पाण्यात परत सोडावा. गप्पी, चिलापी किंवा काचपेटीतील शोभेचे मासे ओढ्यात सोडू नयेत, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. चढणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे सरसकट पकडले असता पुढील वर्षी काय होईल, हा प्रश्न मुलांसमोर मांडावा व त्यांनाच त्याचे उत्तर शोधू द्यावे.

शिक्षकांची बदली झाली तरी ही वही शाळेतच ठेवावी व पुढील शिक्षकांनी तीत भर घालावी. दहा वर्षांनी ती पाहणाऱ्यास गावच्या ओढ्यात कोणता मासा टिकला, कोणता नवा आला आणि कोणता गेला, हे तारखेनिशी कळू शकेल. एखाद्या लहान ओढ्याबाबत अशी नोंद बहुधा अन्य कोठेही नसते. गावची प्राथमिक शाळा ती ठेवू शकते.